कांदा राहू द्या, घड्याळ बघा

ताप मोजायला मराठीकडे थर्मामीटरच्या कितीतरी आधीपासून शब्द आहेत. आधी अंगात कसर असते, मग कणकण येते, मग अंग तापतं आणि शेवटी पोर फणफणतं. इंदूरच्या मराठी घरांत या शब्दांना मालव्याची जोडही मिळालेली आहे. रामबागेतली आजी ‘कसर आहे’ म्हणते, भिंतीपलीकडच्या भाभी ‘थोड़ी हरारत है’ म्हणतात, आणि बालवाडीतून फोन येतो तो ‘बुखार है, ले जाइए’ असा. पालथा हात आधी कपाळावर, मग मानेवर, मग पोटावर ठेवून यातला एक शब्द निवडला जातो. बहुतेक वेळा तो चुकत नाही.

तापातल्या आकडीपुढे मात्र ही सगळी उतरंड कोसळते. कारण पुष्कळदा आकडी आधी येते, आणि मूल तापलेलं आहे हे घराला त्यानंतर कळतं. सकाळी पोह्यांतले दाणे वेचून खाणारं दीड वर्षाचं मूल दुपारी एकदम ताठ होतं. डोळे वर जातात, नुसतं पांढरं दिसतं. दातखीळ बसते. मग हातपाय एका ठेक्यात उडायला लागतात, तोंडाला फेस येतो, ओठ निळसर पडतात, कधी कपड्यांत शू होते. हाक मारली तर ओ नाही. मिनिट-दोन मिनिटांत सगळं थांबतं आणि मूल सैल पडून झोपल्यासारखं होतं. ‘आम्हाला वाटलं, गेलं हातातून,’ असं आईवडील नंतर सांगतात. त्यात अतिशयोक्ती नसते, त्यांना खरोखर तसंच दिसलेलं असतं.

हे दुर्मीळ नाही. ६ महिने ते ५ वर्षं या वयातल्या शंभर मुलांपैकी २ ते ५ जणांना कधी ना कधी तापात आकडी येते, म्हणजे चाळीस मुलांच्या बालवाडीत एक-दोन मुलं अशी निघतातच. बारा ते अठरा महिन्यांच्या सुमाराला तिचं प्रमाण सगळ्यात जास्त असतं. तरीही शेजारी कुणाला झाल्याचं कानावर येत नाही, कारण घरं हे बोलत नाहीत. ‘मिर्गी’, म्हणजे अपस्मार, हा शब्द कुणाच्या तोंडून निघेल याची धास्ती असते, आणि मुलगी असेल तर जरा जास्तच. मग प्रत्येक घर ही गोष्ट जगात पहिल्यांदा आपल्याकडेच घडल्यासारखी सोसतं.

अशा वेळी खोलीत माणसं पुष्कळ असतात आणि हात त्याहून जास्त. कुणी चप्पल नाकाशी धरतं, कुणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबतं. सासूबाई म्हणतात, ‘अगं, चमचा घाल दातांत, जीभ गिळेल!’ काका छातीवर पाणी मारतात. आणि कांदा तर हवाच. या कांद्याचं गणित एकदा नीट मांडून पाहावं. टोपलीतून कांदा शोधायचा, ठेचायचा, नाकाशी आणायचा, यात दीडेक मिनिट सहज जातं. बहुतेक आकड्या तेवढ्यात आपल्या आपण थांबायच्या बेतात असतात. कांदा पोचतो आणि आकडी थांबते. पुढची तीस वर्षं त्या घरात कांदाच आकडी थांबवतो.

कांदा तसा निरुपद्रवी, चमचा तसा नाही. जीभ मुळाशी घट्ट जोडलेली असते, ती गिळता येत नाही. फार तर कडेला चावली जाते, थोडं रक्त येतं आणि चार दिवसांत भरून निघतं. आवळलेल्या जबड्यात चमचा रेटला की दुधाचा दात तुटतो, आणि तुटलेला दात श्वासनळीत जाणं ही आकडीपेक्षा गंभीर गोष्ट आहे. बोट घालणाऱ्याचं बोट फाटतं. पाणी, साखरेचं पाणी, पॅरासिटामॉलचं औषध, तुळशीचा रस, यांतलं काहीही त्या वेळी तोंडात ओतलं तर ते फुप्फुसात उतरू शकतं, कारण गिळण्याची क्रिया थांबलेली असते. उडणारे हातपाय दाबून धरल्याने झटके थांबत नाहीत. झटका मेंदूतून येतो, हात दाबला तर सांध्यावर ताण पडतो इतकंच.

मग करायचं काय? पहिलं काम घड्याळ बघणं. मनगटावरचं, भिंतीवरचं, मोबाइलवरचं, कुठलंही. किती वाजून किती मिनिटं, हे मोठ्याने म्हणावं, म्हणजे घाबरलेल्या डोक्यातून ते निसटलं तरी खोलीतल्या दुसऱ्या कुणाला आठवेल. दिवाणावर किंवा तखतावर असेल तर मुलाला खाली सतरंजीवर घ्यावं आणि आजूबाजूची तिवई, पितळी डबा, खेळण्यातली गाडी सरकवावी. मुलाला एका कुशीवर वळवावं. तोंड किंचित जमिनीकडे असावं, म्हणजे लाळ, फेस किंवा उलटी बाहेर पडेल. उशी नको, ती मान पुढे वाकवते. गळ्याचं बटण, टोपीची नाडी, मफलर, आणि दृष्टीसाठी बांधलेला काळा दोरा गळ्याशी घट्ट असेल तर तोही सैल करावा. तोंडाबाहेरचा फेस कापडाने टिपावा, तोंडाच्या आत बोट घालून नव्हे. कुणी मोकळं असेल तर त्याने मोबाइलवर वीस-तीस सेकंदांचं चित्रण करावं. मुलाच्या हालात चित्रण करणं आजोबांना निर्दयपणाचं वाटेल, पण डॉक्टरांना दहा जणांच्या दहा वर्णनांपेक्षा त्या वीस सेकंदांत जास्त कळतं: दोन्ही बाजू उडत होत्या की एकच, डोळे कुठे वळले होते, सुरुवात चेहऱ्यापासून झाली की हातापासून.

एवढं झालं की हात मोकळे ठेवून बसायचं असतं. सगळ्यात अवघड काम हेच आहे, असं माझं मत. पोटच्या पोराला झटके येत असताना त्याच्या पाठीवर नुसता हात ठेवून काटा बघत बसणं कुणालाच सहज जमत नाही. पण या खेळात काट्याला खरोखर अर्थ आहे. आकडी पाच मिनिटांच्या पुढे गेली की ती आपली आपण थांबण्याची शक्यता कमी होत जाते आणि ती औषधाने थांबवावी लागते. म्हणून पाच मिनिटं ही रेघ. भीतीला स्वतःचं घड्याळ असतं आणि ते फार हळू चालतं. दोन मिनिटांची आकडी दवाखान्यात पोचेपर्यंत ‘वीस मिनिटं तरी असेल’ अशी होते. आता डॉक्टरांच्या दृष्टीने पंधरा मिनिटांच्या आत थांबलेली, सगळ्या अंगाला सारखी आलेली, चोवीस तासांत एकदाच आलेली आकडी ‘साधी’ असते. पंधरा मिनिटांच्या वर गेलेली, एकाच बाजूची, किंवा चोवीस तासांत दुसऱ्यांदा आलेली ‘गुंतागुंतीची’. वीस मिनिटं हा नुसता अंदाज असेल तर साध्या आकडीचं मूल दुसऱ्या गटात पडतं. मग नको त्या तपासण्या होतात आणि नको तेवढी भीती घरी येते.

आकडी चालू असताना मुलाला खांद्यावर टाकून पळू नये. इंदुरात तर स्कूटरवर पुढे वडील, मागे आई आणि मधे मूल अशीच स्वारी निघते. मधल्या मुलाची मान पुढे पडते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. आकडी थांबू द्यावी, मग रिक्षात किंवा गाडीत मांडीवर कुशीवर धरून न्यावं. पाच मिनिटं उलटली, आकडी थांबून लगेच पुन्हा सुरू झाली, किंवा थांबल्यावर श्वास नीट चालत नसेल, तर १०८ ला फोन करावा किंवा जे जवळ असेल तिथे थेट निघावं. जवळ म्हणजे खरोखर जवळ. एमवाय हे मोठं सरकारी रुग्णालय आणि तिथलं चाचा नेहरू बाल चिकित्सालय सगळ्यांना ठाऊक असतं, पण सुदामा नगरातून किंवा राजेंद्र नगरातून निघालेल्या माणसाला वाटेवर कोणत्या रुग्णालयात रात्री मुलांचे डॉक्टर असतात हे आधी माहीत हवं. अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघाले की, किंवा रंगपंचमीला राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, चालली की, नेहमीचा रस्ता मिळत नाही. हे दोन दिवस तरी कॅलेंडरवर आधीच छापलेले असतात.

पहिली आकडी असेल तर ती थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचंच. आकडीनंतर मूल अर्धा-एक तास गुंगीत असतं, कुरकुरतं, आईलाही नीट ओळखत नाही. ही थकलेली झोप आहे, त्याला हलवून हलवून जागं करू नये, फक्त श्वास आणि रंग बघत राहावं. तासाभरानंतरही ते शुद्धीवर येत नसेल, एक हात किंवा पाय लुळा वाटत असेल, मान वाकवताना ताठ लागत असेल, टाळू फुगलेली असेल, दाबल्यावर न मावळणारे जांभळट ठिपके अंगावर असतील, तर ही साध्या आकडीची लक्षणं नाहीत. मेंदूज्वर, मेंदूच्या आवरणांची सूज, किंवा पावसाळ्यात मेंदूत गेलेला मलेरिया, हेही ताप आणि झटके घेऊनच येतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तापात आकडी आली तर तिला तापातली आकडी म्हणायचंच नाही, थेट रुग्णालय गाठायचं.

इथे एक गल्लत नेहमी होते. ताप चढताना हुडहुडी भरते, दात वाजतात, हातपाय थरथरतात. बघणारा घाबरून ‘झटके येतायत’ म्हणतो. हुडहुडी भरलेलं मूल आपल्याकडे बघतं, रडतं, हाक मारली की वळतं, आणि थरथरणारा हात घट्ट धरला की थरथर थांबते. आकडीतलं मूल बघत नाही आणि हात धरला तरी ठेका आपल्या मुठीत जाणवत राहतो. तापात रात्री बरळणं, भिंतीवर काहीतरी चालतंय म्हणणं, हाही वेगळाच प्रकार आहे. ते मूल अर्धवट जागं असतं आणि ताप उतरला की विसरून जातं. रडता रडता श्वास अडकून निळं पडणारं मूल हे तिसरं, तिथे ताप नसतो आणि रडणं आधी असतं.

‘ताप डोक्यात चढला’ हा आपल्याकडचा निदानाचा लाडका शब्दप्रयोग. त्यात ताप जणू माळ्यावर चढणारा चोर आहे आणि वेळेवर पट्ट्या ठेवल्या असत्या तर जिन्यातच अडला असता. प्रत्यक्षात ताप मेंदूतूनच ठरवला जातो. जंतूंशी झुंजताना शरीरात तयार झालेली रसायनं मेंदूच्या तळाशी असलेल्या तापमान-नियंत्रकाला आकडा वाढवायला लावतात आणि शरीर त्या नव्या आकड्याकडे धावतं. म्हणून तर १०१ वर असलेल्या मुलाला थंडी वाजते: नियंत्रकाने १०३ मागितलेत आणि ते अजून गाठायचेत. काही मुलांचा कोवळा मेंदू या सगळ्या उलाढालीला जास्त चटकन पेटतो. घराण्यात कुणाला लहानपणी अशी आकडी आलेली असेल तर शक्यता वाढते. आत्याला, मामाला विचारावं. ‘हो रे, मलाही लहानपणी झालं होतं म्हणे’ असं उत्तर बऱ्याचदा येतं, आणि घरातल्या आईच्या माथ्यावरचं अर्धं ओझं तिथेच उतरतं.

उरलेलं अर्धं ओझं उतरायला वेळ लागतो. माझं लक्ष नव्हतं, मी औषध उशिरा दिलं, काल आइसक्रीम दिलं, कूलरसमोर झोपवलं. बायकाच हे जास्त बोलतात, आणि कधीकधी दुसऱ्या बायका ते त्यांच्याकडून बोलवून घेतात. तर सरळ सांगायचं म्हणजे, ताप येताच पॅरासिटामॉल दिलं, घड्याळ लावून देत राहिलं, तर पुढच्या तापातली आकडी टळते, असं अनेकदा तपासून पाहूनही सिद्ध झालेलं नाही. बऱ्याच आकड्या तापाच्या पहिल्याच दिवशी, घरात कुणाला ताप कळायच्या आत येतात. जे कळलंच नव्हतं त्यावर औषध कोण देणार?

मग पॅरासिटामॉल द्यायचं कशाला? मुलाला बरं वाटावं म्हणून. अंग ठणकत असेल, ते पाणी पीत नसेल, झोपत नसेल, तर द्यावं. १०१ असून मूल खेळत असेल तर आकड्याची पूजा करायची गरज नाही. आणि द्यायचं तर वजनावर द्यावं, वयावर नव्हे. एका वेळी किलोला १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान ४ ते ६ तासांचं अंतर, दिवसाला किलोमागे ६० मिलिग्रॅमच्या वर नाही, म्हणजे चोवीस तासांत चार मात्रा. औषध लागू पडायला अर्धा तास लागतो, पूर्ण परिणाम तास-दोन तासांनी दिसतो, आणि तो परिणाम म्हणजे ताप अंशभर-दीड अंश खाली येणं. १०४ चे १०२.५ झाले तर औषधाने काम केलंय. ‘उतरलाच नाही’ म्हणून दोन तासांनी पुन्हा देणं हा नेहमीचा अपराध.

याहून मोठा अपराध बाटलीवरचं बारीक अक्षर न वाचण्याचा आहे. आपल्याकडे पॅरासिटामॉल लहान मुलांसाठी निदान तीन ताकदींत मिळतं. थेंबांच्या बाटलीत १ मिलीत १०० मिलिग्रॅम. साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा १२५. दुप्पट ताकदीच्या सिरपमध्ये ५ मिलीत २५०. दहा किलोच्या मुलाची मात्रा १५० मिलिग्रॅम. ती थेंबांतून दीड मिली होते, साध्या सिरपमधून सुमारे ६ मिली, दुप्पट ताकदीच्यातून ३ मिली. आता समजा, घरात ‘सहा मिली द्यायचं’ एवढंच तोंडपाठ आहे, सिरप संपलंय, आणि शेजारून थेंबांची बाटली आली. त्यातले ६ मिली म्हणजे ६०० मिलिग्रॅम, चौपट. हेच सहा तासांनी पुन्हा आणि रात्री पुन्हा दिलं की यकृतावर येतं. उलटही होतं. आजोळी गेलेल्या मुलाला थेंबांच्या ड्रॉपरने सिरप पाजलं जातं, चौथाई मात्रा जाते आणि ‘या औषधाचा काही उपयोग नाही’ म्हणून भलतंच जोरदार औषध आणलं जातं. घरातला पोह्यांचा चमचा ५ मिलीचा नसतो. बाटलीबरोबर आलेलं झाकण किंवा सुई नसलेली सिरिंज हेच माप.

दवा बाजारातून किंवा कोपऱ्यावरच्या मेडिकलवरून ‘बच्चे के बुखार का कुछ तेज दे दो’ असं म्हणून जे मिळतं, त्याबद्दल दोन शब्द. पाच वर्षांच्या आतल्या तापासाठी एकटं पॅरासिटामॉल पुरतं. सर्दीच्या मिश्र सिरपमध्ये पुष्कळदा पॅरासिटामॉल आधीच असतं, ते वेगळ्या पॅरासिटामॉलबरोबर दिलं की मात्रा नकळत दुप्पट होते. आयबुप्रोफेन सहा महिन्यांच्या वर, किलोला १० मिलिग्रॅम, ६ ते ८ तासांनी चालतं. पण मूल कोरडं पडलेलं असेल, शू कमी झालेली असेल किंवा डेंग्यूची शंका असेल तर ते अजिबात नको, आणि मालव्यात पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत ही शंका असतेच. मेफेनॅमिक ॲसिड आपल्याकडे तापाला सर्रास दिलं जातं. २०२३ च्या अखेरीस इंडियन फार्माकोपिया कमिशनने त्याच्यामुळे होऊ शकणाऱ्या एका गंभीर ॲलर्जीबद्दल इशारा दिलेला आहे. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला भारतात २०११ पासून बंदी आहे, ॲस्पिरिन मुलांच्या तापाला देत नाहीत. आणि खोकल्याच्या सिरपबद्दल वेगळं काय सांगायचं? २०२५ मध्ये आपल्याच मध्य प्रदेशात, छिंदवाड्यात, विषारी डायएथिलीन ग्लायकॉल असलेल्या सिरपमुळे मूत्रपिंडं निकामी होऊन लहान मुलं गेली. साधा सर्दी-ताप होता त्यांना.

ताप मोजायचा तर काखेत, डिजिटल थर्मामीटरने. काख कोरडी पुसून, दांडीचं टोक मधोमध ठेवून, हात अंगाशी धरून, बीप वाजेपर्यंत. काखेतला आकडा शरीराच्या आतल्या तापापेक्षा साधारण एक अंश फॅरेनहाइट कमी येतो. काचेचा पाऱ्याचा थर्मामीटर घरात असेल तर तो लहान मुलाच्या तोंडात कधीही घालू नये. कपाळावर रोखायचं बंदुकीसारखं यंत्र घामाने, पंख्याच्या वाऱ्याने, उन्हातून आल्याने फसतं.

पट्ट्यांचा विषय काढला की घराची दोन गटांत फाळणी होते, म्हणून थोडक्यात. फ्रिजचं पाणी, बर्फ, कोलन वॉटर, स्पिरिट नको. गार पाण्याने कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, हुडहुडी भरते आणि आतला ताप उलट वाढतो. स्पिरिट कातडीतून आत शिरतं. मिठाने पाण्यात काही विशेष गुण येत नाही. मूल तापाने अगदी तळमळत असेल तर पॅरासिटामॉलनंतर अर्ध्या तासाने कोमट पाण्याने मान, काखा, पाठ, मांड्या दहा मिनिटं पुसाव्यात, आणि अंगावर काटा आला की थांबावं. त्याने आकडी टळत नाही. आजीच्या हाताला काम मिळतं आणि मुलाला कुणीतरी कुरवाळतं, हे दोन फायदे मी कमी लेखत नाही. जानेवारीत मात्र दोन स्वेटर, कानटोपी आणि वर रजई असं तापलेल्या मुलाला गुंडाळू नये. एक सुती अंगरखा आणि पातळ चादर पुरे. पंखा चालू असला तरी चालतो.

दवाखान्यात काय होतं? साध्या आकडीनंतर शोध तापाच्या कारणाचा असतो: घसा, कान, छाती, लघवी, दिवस पावसाळ्याचे असतील तर मलेरिया. रक्तातली साखर बघतात. ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख), सीटी, एमआरआय यांची साध्या आकडीत गरज नसते. घराला मात्र तपासणी जितकी मोठी तितकी काळजी घेतल्यासारखी वाटते आणि ‘एकदा डोक्याचा फोटो काढूनच घ्या’ असा आग्रह होतो. उलट ज्या तपासणीची खरी गरज असू शकते तिला घर घाबरतं: पाठीतलं पाणी. वर्षाच्या आतलं मूल असेल, लसी अपुऱ्या असतील, आधीच अँटिबायोटिक चालू असेल किंवा मान ताठ असेल तर मेंदूच्या आवरणांची सूज नाही ना, हे त्याच पाण्यातून कळतं. सुई कमरेच्या खालच्या मणक्यांमधे टोचतात, मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. ‘पाठीतलं पाणी काढलं की पाय जातात’ ही समजूत अजून जाता जात नाही. सूज ओळखायला झालेल्या उशिरानेच काय काय जातं, हे वॉर्डात दिसतं.

पुन्हा येईल का, हा प्रश्न पहिल्या रात्रीच विचारला जातो. तीनातल्या एका मुलाला पुन्हा येते. पहिली आकडी वर्षाच्या आत आलेली असेल, घराण्यात असेल, ताप फारसा नसताना किंवा ताप सुरू होऊन तासही झालेला नसताना आली असेल, तर शक्यता जास्त. साध्या आकडीने बुद्धीवर परिणाम होत नाही. अमेरिकेत कॅरिन नेल्सन आणि योनास एलेनबर्ग यांनी तापात आकडी आलेल्या १,७०६ मुलांचा सात वर्षांच्या वयापर्यंत पाठपुरावा केला. तो अभ्यास १९७६ साली प्रसिद्ध झाला, आणि पुढे आकडी आलेली मुलं व त्यांची सख्खी भावंडं यांच्या बुद्ध्यांकात फरक दिसला नाही. साध्या आकडीनंतर पुढे अपस्मार होण्याची शक्यता शंभरात एक-दोन, इतर मुलांपेक्षा किंचितच जास्त. गुंतागुंतीच्या आकडीत किंवा मुळात वाढ मागे असलेल्या मुलात ती वाढते, आणि त्याच मुलांना मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवायचं असतं.

रोजचं आकडीविरोधी औषध साध्या आकडीला देत नाहीत. वारंवार आकड्या येणाऱ्या मुलांसाठी डॉक्टर ताप असेपर्यंत दोन-तीन दिवस क्लोबाझाम देतात. त्याने मूल झिंगल्यासारखं चालतं, कधी चिडचिडं होतं. हे आधी सांगितलेलं नसलं की घर घाबरून औषध मधेच बंद करतं. घरात ठेवायची खरी वस्तू म्हणजे नाकात मारायचा, आकडी थांबवणाऱ्या मिडाझोलॅमचा स्प्रे, चिठ्ठीवरच मिळणारा, पाच मिनिटं उलटल्यावरच वापरायचा. मात्रा किलोला ०.२ मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला २ मिलिग्रॅम, म्हणजे ०.५ मिलिग्रॅमच्या बाटलीतून चार फवारे, प्रत्येक नाकपुडीत दोन. तीच बाटली १.२५ मिलिग्रॅमच्या फवाऱ्याचीही येते. त्यातले चार फवारे म्हणजे अडीचपट, आणि श्वास मंदावू शकतो. म्हणून बाटली घरी आली की त्याच दिवशी ताकद बघून फवाऱ्यांची संख्या डॉक्टरांकडून तिच्यावरच लिहून घ्यावी. नवी बाटली आधी हवेत दोन-तीनदा मारून बघावी, नाहीतर ऐन वेळी पहिले फवारे कोरडे जातात.

लसी थांबवू नयेत. डीपीटीचा ताप त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी येतो, गोवर-रुबेलाच्या लसीचा ५ ते १२ दिवसांनी. ते दिवस लक्षात ठेवले की झालं. आणि दूध-बिस्किटांवर वाढणाऱ्या फिकट मुलाचं हिमोग्लोबिन बघून घ्यावं. रक्तातल्या लोहाची कमतरता आणि तापातली आकडी यांचा संबंध दिसलेला आहे. पोरगं दिवसाला लिटरभर दूध पितं, हा आपल्याकडे कौतुकाचा विषय असतो, पण एवढ्या दुधात पोट भरतं आणि लोह मिळत नाही.

या सगळ्यातलं ऐन वेळी काही आठवत नाही. म्हणून ते स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाच्या मागे चिकटवलेल्या एका कागदावर असावं: आजचं वजन, घरातल्या बाटलीची ताकद, त्यातले किती मिली, स्प्रेचे फवारे, स्प्रेची मुदत संपण्याचा महिना, १०८, डॉक्टरांचा नंबर. मुलाला सांभाळणाऱ्या मावशींना मराठी वाचता येत नसेल तर हिंदीत. वजन दर तीन महिन्यांनी नवं लिहायचं आणि मात्रा पुन्हा काढायची. १०.४ खोडून ११.२, ते खोडून १२. मूल पाचाच्या पुढे गेलं की तो कागद बहुतेक आपोआपच फ्रिजमागे पडतो, आणि पुढे कधीतरी दिवाळीच्या साफसफाईत सापडतो.